गिरमिट, वानगी आणि बायोप्सी

खानापूरहून एका वाचकांनी विचारलंय, "'मेंदूची बायोप्सी' घरच्यांना मराठीत कशी सांगावी? 'मेंदूचा तुकडा काढणार' म्हटलं की आईचा धीरच सुटतो."

सुटणारच! आणि दुसरीकडे बेळगावात हल्ली सर्रास ऐकू येतं, "तिला बायोप्सी निघाली." अहो, बायोप्सी निघत नाही, ती करतात. निघालाच तर रोग निघतो, आणि तोही दरवेळी कॅन्सर नसतो. मेंदूत क्षयाची गाठसुद्धा सापडते. बायोस म्हणजे जीव, ऑप्सिस म्हणजे पाहणं, १८७९ साली बेनिए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं केलेला शब्द, हे कुठेही मिळेल. खरी गंमत भोकात आहे.

कवटीला भोक पाडायच्या जुन्या हत्याराचं नाव ट्रेपॅन. मूळ ग्रीक ट्रिपॅनॉन, म्हणजे चक्क सुताराचं गिरमिट! वैद्यांनी शब्द सुताराकडून उचलला. आपलं गिरमिट आलं इंग्रजी गिमलेटवरून. "डोक्याला गिरमिट लावू नकोस" म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसतं एवढंच.

पण आपल्या भागात गिरमिट म्हटलं की आधी चुरमुरेच आठवतात: चिंचगुळाचा कांदा-मसाला, पुठाणीची म्हणजे डाळ्याची पूड, वर शेव, शेजारी मिरची भजी. एक विद्वान गृहस्थ हे नाव 'अ‍ॅग्रिमेंट'वरून आल्याचं छातीठोक सांगतात. फिजीला गेलेले मजूर कराराला गिरमिट म्हणत, हे खरंच. त्यांना तिकडे नेणारं पहिलं जहाजही १८७९चंच. पण कराराचा नि चुरमुऱ्यांचा संबंध काय? मसाल्यात चुरमुरे कालवताना गाडीवाल्याचं मनगट बघा, गिरमिट फिरवल्यासारखंच फिरतं. नाव तिथूनच आलं, असं माझं मत. कागदी पुरावा नाही, गाड्यावर उभं राहून खात्री करा.

तेच मनगट बायोप्सीतही आहे. डोक्याला चौकट घट्ट बसवून स्कॅन काढतात, गाठीची जागा तीन मापांत ठरवतात, छोट्या भोकातून सुई नेमकी तिथवर नेतात. सुईच्या टोकाजवळ कडेला खिडकी असते. हलक्या ओढीनं गाठीचा अंश त्या खिडकीत येतो, आतली नळी फिरवली की कापला जातो. गाठ वरच्या वर असेल तर कवटीचा भाग उघडूनही नमुना घेतात, ती गोष्ट वेगळी.

बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतात ना? पोतं फोडत नाहीत. त्या मूठभराला वानगी म्हणतात. वान म्हणजे वर्ण. रंगावरून, कसावरून माल ओळखायचा. बायोप्सीला पाठ्यपुस्तकी शब्द आहे 'जीवोतक परीक्षा'; त्यानं आई घाबरणार नाही, कारण तिला काही कळणारच नाही. रक्तस्रावाचा धोका असतो, तो डॉक्टरांकडूनच समजून घ्या. आईला मात्र 'मेंदूचा तुकडा' नको. सांगा, "आई, गाठीची वानगी घेणार आहेत."