जवानाच्या घरी फोन करावा का?

प्रश्न : मी सातारा तालुक्यात कबड्डीचा प्रशिक्षक आहे. माझा एक जुना खेळाडू सैन्यात असून, मे २०२५ प्रमाणे सीमेवर संघर्ष पेटला की त्याच्या आईवडिलांशी काय बोलावे, हे मला सुचत नाही.

उत्तर : फोन अवश्य करावा, जमल्यास घरीच जावे. पहिल्या महायुद्धात ज्या गावाचे ४६ जवान कामी आले, ते अपशिंगे मिलिटरी आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे ही काळजी इथल्या घरांना नवी नाही. तरीही रात्रीच्या बातम्या एकट्याने ऐकणे फार जड जाते, आणि मुलाला मैदानावर घडवणाऱ्या माणसाचा शब्द अशा वेळी नातेवाइकाइतकाच जवळचा वाटतो. त्याची तुकडी कुठे आहे, हे मात्र कधीही विचारू नये, आणि त्याचे गणवेशातील छायाचित्र व्हॉट्सॲपवर फिरवू नये. त्याचा फोन काही दिवस आला नाही, तर सुरक्षेसाठी संपर्कावर निर्बंध असू शकतात, एवढे त्यांना शांतपणे सांगावे. बाकी त्याच्या खेळाविषयी मनमोकळे बोलावे. कागदपत्रांची अडचण असल्यास वडिलांसोबत आपण स्वतः साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे.