बॅरेंट्स समुद्र आर्क्टिकमध्ये असूनही गोठत कसा नाही, आणि हा बॅरेंट्स कोण?

गोठतो की! नॉर्वे-रशियाच्या उत्तरेला, स्वालबार्ड, फ्रान्झ जोसेफ लँड आणि नोवाया झेम्ल्या या बेटसमूहांमधला हा सुमारे 14 लाख चौ. किमी. समुद्र. त्याचा नैर्ऋत्य भाग तेवढा बारा महिने मोकळा असतो, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह तिथवर पोचतो. म्हणून तर 69 अंश उत्तरेला असूनही रशियाचं मुरमान्स्क बंदर हिवाळ्यात चालू राहतं. ईशान्येकडे जावं तसं पाणी गार होत जातं, आणि मग नोवाया झेम्ल्याची लांबलचक बेटं भिंतीसारखी आडवी येतात. पलीकडे कारा समुद्र. तिथे ओब आणि येनिसेई नद्या गोडं पाणी आणून ओततात, आणि गोडं पाणी लवकर गोठतं.

विलेम बॅरेंट्सचा घात या भिंतीपलीकडेच झाला. हा डच दर्यावर्दी. उत्तरेकडून चीनला जायची वाट शोधायला 1594, 1595 आणि 1596 मध्ये निघाला. बर्फ किनाऱ्यालगतच असतो, आणखी उत्तरेला मोकळं पाणी लागेल, असं नकाशाकार प्लान्सियसचं म्हणणं होतं. तिसऱ्या सफरीत नोवाया झेम्ल्याच्या उत्तर टोकाला वळसा घातला आणि ऑगस्टअखेर गलबत बर्फात अडकलं ते कायमचं.

17 जणांनी वाहून आलेले ओंडके आणि गलबताच्या फळ्या वापरून घर बांधलं. गेरिट द फेअर या सोबत्याने लिहून ठेवलंय, की घड्याळ गारठून बंद पडलं आणि शेकोटीपाशी पाय नेले तर ऊब लागायच्या आत मोजे करपायचे. एकदा दगडी कोळसा पेटवून धुराडं बंद केलं, तर सगळे गुदमरून मरता मरता वाचले. अस्वलाचं यकृत खाल्लं तेव्हा तिघांची कातडी सोलून निघाली. त्यात 'अ' जीवनसत्त्व विषारी ठरेल इतकं असतं, पण ते तेव्हा कोणाला माहीत!

जून 1597 मध्ये दोन उघड्या होड्यांतून ते परत निघाले. आठवड्याभरात बॅरेंट्स गेला. 12 जण अ‍ॅमस्टरडॅमला पोचले. वाटेत त्यांना खायला देणारे रशियन या पाण्यात आधीपासून वावरत होते, पण 1853 मध्ये समुद्राला नाव मिळालं ते बॅरेंट्सचं. नकाशावर हे असंच चालतं.

ते घर 1871 मध्ये एलिंग कार्लसन या नॉर्वेजियन कप्तानाला सापडलं. त्यातल्या वस्तू आज अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. चीनमध्ये विकायला नेलेले छापील चित्रांचे गठ्ठेसुद्धा त्यात आहेत.