नातू अजून बोलत नाही, थांबावं का?

प्रश्न : ताई, माझा नातू २२ महिन्यांचा आहे. ‘बाबा’, ‘आज्जी’, ‘भू’ असे सात-आठ शब्दच बोलतो. काही हवं असलं की माझा हात धरून ओढत नेतो. सून कानडी आहे. दोन भाषांनी पोर गोंधळतंय असं वाटून आम्ही तिला घरात मराठीच बोलायला सांगितलं. शेजारीण म्हणते जीभ चिकटली असेल. आमच्या ह्यांचं म्हणणं, मुलगे उशिराच बोलतात. थांबावं का?
– एक आजी, मिरज

उत्तर : आजी, थांबू नका. दोन वर्षांच्या आसपास मुलाकडे साधारण ५० शब्द असतात आणि ‘बाबा ये’, ‘दूदू दे’ असे दोन शब्द ते जोडू लागतं. मुलगे किंचित मागे असतात, पण इतके नाहीत. जीभ चिकटलेली असली तर एखाद-दुसरा उच्चार अडेल, बोलणं अडत नाही.

सगळ्यात आधी कान तपासा. ‘ताट पडलं की दचकतो’ हे मला रोज कुणीतरी सांगतं. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं असेल तरी ताटाचा आवाज पोचतो. ‘स’, ‘फ’ असे हलके आवाज मात्र निसटतात. ओएई या कानाच्या तपासणीत कानात छोटं बूच ठेवतात, मूल शांत असेल तर काही मिनिटांत होते, दुखत नाही. गरज पडली तर झोपेत बेरा, म्हणजे आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी, करतात. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना सांगितलंत तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी बघणाऱ्या सरकारी केंद्रात, मोफत पाठवतात.

हात धरून ओढतो, असं लिहिलंत. तो बोटाने दाखवतो का? हाक मारली की वळून बघतो का? विमान दिसलं तर ‘बघ’ म्हणून तुमच्याकडे पाहतो का? यातलं काही होत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना तेही स्पष्ट सांगा.

आता घरातलं. ‘हे काय? म्हण ना, म्हण!’ ही उलटतपासणी बंद करा. तुम्ही कणीक मळताना त्याला कणकेची गोळी द्या आणि थोडंच बोला : ‘दाब. दाबली! अजून?’ मग गप्प राहा. मनात पाचपर्यंत मोजा. आपल्याला तो वेळ फार लांब वाटतो, पण शब्द जुळवायला मुलाला तेवढा लागतोच. तळहातावर बोट फिरवत गाणं म्हणता ना, त्यात शेवटच्या गुदगुल्यांआधी थांबा. तो बघेल, हुंकार देईल, हात पुढे करेल. तोच त्याचा जबाब. लगेच गुदगुल्या करा. तो ‘भू’ म्हणाला तर तुम्ही ‘भू आला, काळा भू’ म्हणा. चूक काढू नका. जेवताना मोबाईल नको. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, असं बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

आणि सुनेचं बोलणं आजच मोकळं करा. दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही. आई ज्या भाषेत लाडाने, रागाने, भराभर बोलते ती त्याला मिळायलाच हवी. तोलूनमापून बोललेल्या मराठीत ती मजा नाही. शब्द मोजताना कानडीही धरा. पाण्याला तो ‘नीरु’ म्हणत असेल तर तोही शब्दच. आईला विचारून दोन्ही भाषांची यादी करा आणि तपासणीला जाताना ती बरोबर न्या.