बाळंतपणानंतर चार महिन्यांनी मूठमूठ केस गळताहेत. टक्कल पडेल का? पीआरपीचं पॅकेज घ्यावं का?

टक्कल पडणार नाही, आणि पीआरपीच्या (आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग डोक्याच्या त्वचेत टोचतात, त्या उपचाराच्या) पॅकेजचे पैसे आज तरी भरू नका. मी डॉक्टर नाही, पण दोन बाळंतपणं झालीत आणि दोन्ही वेळा हे सगळं भोगलंय.

तुम्ही लिहिलंय की न्हाताना मोरीच्या जाळीवर केसांचा बोळा जमतो, आणि गरोदरपणात मात्र केस कधी नव्हे इतके दाट झाले होते. उत्तर त्या दाटपणातच आहे. एरवी आपले रोज ५० ते १०० केस गळतातच. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) वाढलेलं असतं, म्हणून ज्यांची गळायची वेळ झालेली असते ते केसही डोक्यावर मुक्काम ठोकून बसतात. बाळ झालं की इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं आणि ही सगळी मंडळी एकदम वाढ थांबवतात. वाढ थांबल्यापासून गळेपर्यंत साधारण तीन महिने जातात, म्हणून गळती लागते ती दोन ते चार महिन्यांनी. नऊ महिन्यांची थकबाकी एकरकमी वसूल होते म्हणा ना. डॉक्टरी भाषेत टेलोजेन एफ्लुव्हियम.

माझ्या सासूबाई म्हणायच्या, "बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात." तेव्हा मला याचा भयंकर राग यायचा. आता वाटतं, कारण चुकीचं असलं तरी त्यांचा हिशोब बरोबर होता. बाळ खळखळून हसतं ते तीन-चार महिन्यांचं झाल्यावरच.

पहिल्या वेळी मी गुंतवळ एका डबीत जमवून ठेवायची, डॉक्टरांना दाखवायला. एकदा बसून मोजलेही. दोनशेच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. कांद्याचं तेल झालं, वासाने नवरा आणि बाळ दोघेही वैतागले. मग एका क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या बाईंनी माझाच गळलेला केस उचलून त्याच्या टोकाचा पांढरा ठिपका दाखवला आणि म्हणाल्या, "बघा, मुळासकट येतायत. आता सहा सिटिंग केली नाहीत तर मुळं मरतील." मी घाबरून अर्धे पैसे भरून आले. नंतर त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं की तो ठिपका म्हणजे मूळ नव्हेच. वाढ संपलेल्या केसाचं टोक तसंच दिसतं. मूळ त्वचेच्या आत शाबूत असतं आणि त्यातूनच नवा केस येतो. पैसे परत मिळाले नाहीत, हे सांगायला नकोच.

सहाव्या-सातव्या महिन्यात कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे केस ताठ उभे राहिले, अगदी बाळाच्या जावळासारखे. तेल लावा, पाणी लावा, बसतच नाहीत. ते दिसले की समजा गाडी रुळावर आली. मात्र केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे वेणीची जाडी परत यायला वेळ लागतो. मी मधल्या काळात खांद्यापर्यंत कापून टाकले. करकचून अंबाडा घालण्यापेक्षा ते बरं.

दुसऱ्या वेळी वर्ष उलटलं तरी गळती थांबेना. हिमोग्लोबिन ११.६, म्हणून सगळे म्हणत, "ठीकच आहे की!" डॉक्टरांनी फेरिटिन करायला लावलं, ते निघालं ९. म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला. गोळ्या तर मी बाळंतपणापासून घेत होते! पण कशा, तर कॅल्शियमच्या गोळीबरोबर आणि वर चहा. दोन्हींमुळे लोह नीट शोषलं जात नाही. दोन्ही गोळ्यांत काही तासांचं अंतर ठेवलं, लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर सुरू केली, आणि चार-पाच महिन्यांत फरक दिसला. आळिवाचे लाडू जरूर खा, त्यात लोह असतं. पण साठा इतका खाली गेला असेल तर नुसत्या लाडवांनी भरून निघत नाही.

तेव्हा पॅकेजऐवजी सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी), फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइड बिघडलेलं पुष्कळ जणींत सापडतं, आणि थकवा-बद्धकोष्ठ-धडधड हे सगळं "जागरणाने होतंय" म्हणून सोडून दिलं जातं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. अंगावर पाजत असाल तर मिनॉक्सिडिल (केस वाढवायचं डोक्याला लावायचं औषध) मनाने लावू नका. हेअर ट्रान्सप्लांटचा या गळतीशी काही संबंध नाही, कोणी सुचवलं तर सरळ उठून या.

भांग रुंद होत चालला असेल, कुठे गोल चट्टा पडला असेल किंवा बाळ वर्षाचं होऊनही गळती थांबली नसेल, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तो प्रकार वेगळा असू शकतो.

आणि हो, एक राहिलंच. हे गळलेले केस बाळाच्या मोज्यात, दुपट्यात जातात आणि कधी पायाच्या बोटाला दोऱ्यासारखे गुंडाळले जातात. बोट सुजून लाल होतं, आणि बाळ का रडतंय ते कोणालाच कळत नाही. केस बारीक असल्याने सुजेत दिसतही नाही. आमच्याकडे धाकट्याच्या करंगळीला एकदा असाच वेढा पडला होता, नशिबाने सैल होता. तेव्हापासून अंघोळ झाली की त्याची वीसच्या वीस बोटं मी एकेक करून बघायची.