गालाचं हाड मोडलंय, मग सिस्टर सारखी डोळाच का तपासते?

दुचाकीवरून पडून भावाच्या गालाचं हाड मोडलं, डोळा सुजून मिटलाय आणि सिस्टर रात्री दर तासाला उठवून पापणी उघडते, त्याला झोपू देत नाही, अशी तुमची तक्रार आहे. उठवू द्या.

गालाचं हाड हीच डोळ्याच्या खोबणीची बाहेरची भिंत, आणि तळाचा काही भागही. मी याच हाडांची ऑपरेशनं करतो. त्यात नजर जाणं क्वचितच घडतं, पण घडलं तर हातात वेळ फार थोडा असतो. खोबणीत रक्त साठलं तर त्याला पसरायला जागाच नसते. आतला दाब वाढतो, डोळा पुढे येतो, बोटाला दगडासारखा लागतो आणि डोळ्यातून मेंदूकडे नजर नेणाऱ्या नसेचा रक्तपुरवठा तुटतो. साधारण दीड-दोन तासांत दाब उतरला नाही तर गेलेली नजर बहुतेकदा परतत नाही. अशा वेळी आम्ही सीटी स्कॅनसाठीही थांबत नाही. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात भूल देऊन, पलंगावरच काप घेतो आणि पापणीला ताणून धरणारा बंध सोडवतो. बघणाऱ्या नातेवाइकांना घेरी येते, पण नंतर वण शोधावा लागतो.

दुसरा प्रकार जास्त फसवा. भुवईवर मार बसला की धक्का थेट नसेपर्यंत जातो, बाहेरून डोळा धडधाकट. एका मुलाची सुजलेली पापणी उचलून मी त्याला बाटलीचं लाल झाकण दाखवलं. उजव्या डोळ्याला लालभडक. डाव्याला? "धुऊन विटलेलं वाटतंय, डॉक्टर." तिथेच कळलं, नस दुखावलीय. यावर खात्रीचा इलाज नाही. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातही स्टेरॉइडचा किंवा ऑपरेशनचा ठोस फायदा दिसला नव्हता.

हाड बसवल्यानंतरच्या पहिल्या रात्रीही हीच तपासणी होईल, तेव्हाही कुरकुर नको. डोळ्यामागे ठणका वाढला, उलट्या सुरू झाल्या किंवा "अंधुक दिसतंय" म्हणाला, तर राउंडची वाट न बघता सिस्टरला हाक मारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आजच सांगा. आणि नाक अजिबात शिंकरू देऊ नका. मोडलेल्या हाडाच्या फटीतून हवा थेट खोबणीत शिरते.