अडकलेला दस्ता काढताना

भाऊ, बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारं मागचं लाकूड, अडकलाय म्हणून ठोकू नकोस, हातोडी खाली ठेव. आधी चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्याने बघ, रिकामं आहे ना. परवान्याचे कागदही तपासून घे.

तुझी बंदूक एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, ब्रिटिश लष्करी रायफल) मार्क ३, म्हणजे १९०७ सालचं मॉडेल. तिच्या दस्त्यातल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या, नळीखालच्या लाकडाच्या मागच्या टोकाला असलेल्या पट्टीत बसलेलं असतं. बोल्ट आधी फिरवलास की ते लाकूड चिरलंच! म्हणून पुढचं लाकूड आधी उतरव, मगच बोल्ट. त्याच्या डोक्यावर चामड्याची चकती असते, ती काढ आणि रुंद, लांब पेचकस वापर.

तरी दस्ता सुटेना? पावसाळ्यात लाकूड फुगतं. जळगावच्या कोरड्या हवेत सावलीत राहू दे, उन्हात मात्र नको, तडकेल. मग हलक्या हाताने हलवत मागे ओढ. फटीत पेचकस खुपसू नकोस रे, जुनं लाकूड पुन्हा मिळत नाही.