सतरा इंची रिम आणि विमा कंपनीचं पत्र

प्रश्न: "वकीलसाहेब, मी सातारा जिल्ह्यात शिक्षक आहे. माझ्या हॅचबॅकला कंपनीकडून १८५/६५ आर १५ टायर होते. गेल्या वर्षी ६८,००० रुपये देऊन १७ इंची अलॉय आणि २१५/५५ आर १७ टायर बसवले. दुकानदार म्हणाला, आरटीओ पास साइज आहे. गाडीत पाच जण बसून स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा डावा टायर आत घासायचा. दोन महिन्यांपूर्वी आरटीओच्या वायुवेग पथकाने कलम १८२-अ (४) खाली चलान केलं, ते अजून भरलेलं नाही. मागच्या आठवड्यात पावसात घाट उतरताना खड्ड्यात चाक आदळलं, तोच डावा टायर फुटला आणि गाडी कडेच्या रेलिंगवर गेली. देवाच्या कृपेने कुणाला लागलं नाही. दुरुस्तीचा अंदाज १,४२,००० रुपये आहे. सर्व्हेअर फोटो काढून गेला. आता विमा कंपनीचं पत्र आलंय की अनधिकृत फेरबदलामुळे क्लेम का नाकारू नये, सात दिवसांत खुलासा करा. धाकटा भाऊ म्हणतो, जुनी चाकं माळ्यावर आहेत, ती लावून नवे फोटो पाठवू. चलान लढवावं का? आरसी बुकात टायरचं माप कुठेच नाही. आणि दुकानदाराला सोडायचं का?"

सर, आधी भावाला माळ्यावरून खाली उतरवा. सर्व्हेअरकडे तारीख-वेळेसह फोटो आहेत. त्यावर तुम्ही जुन्या चाकांचे फोटो पाठवलेत, तर आज फेरबदलाचा असलेला वाद उद्या फसवणुकीचा होईल. खोटी माहिती दिली की क्लेम पूर्ण बुडतो, शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मागे लागू शकतं. जुनी चाकं जरूर लावा, पण गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर यायच्या वेळी, आणि लपवाछपवी न करता.

दुसरं काम आजच करा. फुटलेला टायर गॅरेजवाल्याच्या ढिगातून उचलून घरी आणा. तुमच्या क्लेमचा निकाल त्या टायरवर ठरणार आहे. का, ते खाली सांगतो.

आता चलान. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील जुळेनासा होईल असा फेरबदल मालकाने करू नये. तुमचा मुद्दा असा की आरसीत टायरचं माप नाहीच, मग न जुळण्याचा प्रश्न कुठे? मुद्दा पोकळ नाही. मालवाहू आणि इतर परिवहन वाहनांच्या नोंदणीत टायरची संख्या आणि माप लिहावं लागतं, खासगी मोटारीच्या आरसीत तो रकाना नसतो. पण दोन गोष्टी आडव्या येतात. केरळमधल्या जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कलम ५२ चा अर्थ कडकपणे लावला. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला बदल करता येत नाही आणि नियमांचा आधार घेऊन कलमाला वळसा घालता येत नाही, असं त्या निकालाचं सार आहे. रंगासारखे किरकोळ बदल वेगळे. दुसरं म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरसाठी स्वतंत्र तरतूद आहे. नियम ९४ टायरच्या अवस्थेबद्दल आहे, नियम ९५ माप आणि प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या मजबुतीच्या दर्जाबद्दल. त्यामुळे "आरसीत नाही म्हणजे मोकळं रान" हे कोर्टात टिकेल असं मला वाटत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १८२-अ (४) हे कलम मालकासाठीच आहे. प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चारचाकीच्या टायरसाठी कुणी गुरुजी तुरुंगात गेल्याचं मी पाहिलेलं नाही, तेव्हा रात्रीची झोप उडवून घेऊ नका. पण हे चलान लढवू नका, असं मी सांगेन. तुमच्याच गाडीवर १९५/५५ आर १६ असता, तर मी काळा कोट चढवून आलो असतो. २१५/५५ आर १७ साठी येणार नाही. त्याचं कारण गणितात आहे.

तुम्ही शिक्षक आहात, वही घ्या. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे साईडवॉलची, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामधल्या रबराच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. मूळ टायरची साईडवॉल १८५ चे ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिमी. वरखाली दोन्हीकडची मिळून २४०.५, त्यात १५ इंचाचे ३८१ मिमी मिळवा. पूर्ण चाक ६२१.५ मिमी. नव्याची साईडवॉल ११८ मिमी, दोन्हीकडची २३६.५, अधिक १७ इंचाचे ४३१.८. चाक झालं ६६८.३ मिमी. म्हणजे साडेसात टक्के मोठं. रिम मोठी घेतली की साईडवॉल त्या प्रमाणात बुटकी घ्यायची आणि चाकाची एकूण उंची जवळपास तीच ठेवायची, हा या धंद्यातला पहिला धडा. तुमच्या दुकानदाराने रिम दोन इंचांनी वाढवली आणि साईडवॉल दोनच मिलिमीटरने कमी केली. गाडी उंच दिसते म्हणून गिऱ्हाईक खूश, आणि बहुधा तो सेट त्याच्याकडे पडून असावा. हा माझा तर्क.

परिणाम काय, तर मीटरवर ८० दिसतं तेव्हा गाडी ८६ ने धावते. चाक तीस मिलिमीटरने जास्त रुंद, सत्तेचाळीस मिलिमीटरने जास्त उंच, आणि मडगार्डच्या आतली जागा मात्र होती तेवढीच. म्हणून पाच माणसं बसली की घासतं. घासणारा टायर म्हणजे दोष असलेलं वाहन, आणि तिथे कलम १९० ही दार ठोठावतं. असं प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे नेऊन "कायदेशीर मुद्दा आहे" म्हणणं मला शोभणार नाही. दंड भरा, पावती ठेवा. दंड भरला म्हणून बदल कायदेशीर होत नाही, हेही लक्षात असू द्या. तीच चाकं राहिली तर पुढच्या नाक्यावर पुन्हा चलान.

मात्र हेच गणित विमा कंपनीपुढे तुमच्या बाजूने बोलतं. कंपनीने "फेरबदल" एवढा एकच शब्द लिहिलाय. फेरबदल होता, हे तुम्हाला मान्यच करायचंय. प्रश्न हा की अपघात त्यामुळे झाला का? पॉलिसीतली कोणती अट मोडली आणि नुकसानीशी तिचा काय संबंध, हे दाखवायचं ओझं कंपनीवर आहे. ती बहुतेक म्हणेल की मोठ्या रिमचे लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या साईडवॉलचे, टायर खड्ड्यात फुटतात. सर्वसाधारणपणे खरं आहे. पण तुमचा टायर लो-प्रोफाइल नव्हताच! १२० च्या जागी ११८ मिमी साईडवॉल, खड्ड्याचा मार झेलायला जवळपास तेवढंच रबर. वजन पेलण्याचंही तसंच. मूळ टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे वजन पेलण्याचा सांकेतिक आकडा, ८८, म्हणजे एका टायरला ५६० किलो. २१५/५५ आर १७ वर साधारणपणे ९४ असतो, म्हणजे ६७० किलो. फुटलेल्या टायरवर तो आकडा आहे का पाहा आणि फोटो काढा. शेजारीच आयएसआय चिन्ह आणि टायर कधी बनला ते सांगणारी चार अंकी छाप असेल, पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. तेही टिपा.

आता तुमची दुखरी बाजू. हाच टायर घासायचा. तो आतल्या अंगाने लायनरला, म्हणजे मडगार्डच्या आतल्या अस्तराला, घासून झिजला असेल आणि फाटला तिथेच असेल, तर कंपनीचा मुद्दा खरा ठरतो. वर चलान दोन महिने खिशात होतं, म्हणजे तुम्हाला माहीतही होतं. गाडी सुस्थितीत ठेवण्याची वाजवी काळजी घ्यावी, ही प्रत्येक पॅकेज पॉलिसीतली अट आहे आणि तिथे ते बोट ठेवतील. पण फाटलेली जागा बाहेरच्या अंगाला असेल, रिमच्या कडेला खड्ड्याच्या धक्क्याने पोचा पडला असेल, तर मामला तुमच्याकडे झुकतो. म्हणून म्हटलं, टायर आणि ती रिम दोन्ही जपा. टायर डीलरचा नव्हे, स्वतंत्र सर्व्हेअरचा लेखी अहवाल घ्या. चार-पाच हजार जातील, जाऊ द्या.

पूर्ण रक्कम मिळेलच, अशी आशा मी लावणार नाही. अट मोडली पण ती नुकसानीच्या मुळाशी नव्हती, अशा वेळी क्लेम साफ नाकारू नये, काही कपात करून द्यावा, ही वाट सर्वोच्च न्यायालयाने नितीन खंडेलवाल (२००८) आणि अमलेंदु साहू (२०१०) या प्रकरणांत दाखवली आहे. क्लेमच्या ७५ टक्क्यांपर्यंत देण्याचा आकडा तिथूनच आला. ती प्रकरणं गाडीच्या वापराबद्दलची होती, टायरची नव्हेत, तरी खुलाशात त्यांचा उल्लेख करा. फुटलेल्या टायरचे पैसे तर तसेही पॉलिसी पूर्ण देत नाही. गाडीला इतर नुकसान झालं असेल तरच, आणि तेही निम्मे. अलॉयची नोंद पॉलिसीत नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजमध्ये केली नसेल तर रिमचे पैसे विसरा. रेलिंगच्या भरपाईची नोटीस आली तर ती विमा कंपनीला लगेच पाठवा. तो थर्ड पार्टीचा भाग आहे. तिथे कंपनीला घेता येतील असे बचाव मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये मोजून दिलेत आणि टायरचं माप त्यांत नाही.

खुलासा एका पानात संपवा. चाकं कधी बदलली, कुठून, काय माप. दुकानदाराने काय सांगितलं होतं. अपघात कसा झाला. फुटलेला टायर आणि रिम तपासणीसाठी हजर आहे. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मिळावी. वेगाचा आकडा लिहायचाच असेल तर "मीटरवर अमुक दिसत होतं" असं लिहा, कारण तुमचा मीटर कमी दाखवत होता. घासण्याबद्दल विचारलं तर खरं सांगा. क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. हे मी धंद्याविरुद्ध सांगतोय. नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं, आणि तोच वाद ग्राहक आयोगात दाखल असेल तर लोकपाल ऐकत नाही.

दुकानदाराला सोडू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तुमच्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. तुम्ही सोबत पाठवलेली पावती पाहिली. "अलॉय सेट ४ नग" एवढंच लिहिलंय, ना माप, ना शिक्का. पण यूपीआयची नोंद आहे आणि त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे: "सर टेन्शन नको, आरटीओ पास". मेसेज डिलीट होऊ देऊ नका, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडलं की तो पुरावा होतो. चलानाचा दंड आणि ६८,००० परत मागा. क्लेममधून जे कापलं जाईल तेही मागता येईल, पण त्यासाठी तोच स्वतंत्र अहवाल लागेल.

पुढे काय बसवायचं, तर मूळ १८५/६५ आर १५. हौस उरलीच असेल तर गाडीचं मॅन्युअल आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी वेगळं माप देते का? मारुतीने स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटना १६५/८० आर १४ आणि वरच्यांना १८५/६५ आर १५ दिले होते. व्यासात दोन मिलिमीटरचाही फरक नाही. असं कंपनीचंच माप असेल तर ते घ्या आणि विमा कंपनीकडून पॉलिसीवर एन्डॉर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद, करून घ्या. वर १९५/५५ आर १६ म्हटलं, त्याचा व्यास ६२०.९, अगदी जुळतो. पण साधा घेतलात तर लोड इंडेक्स ८७ येतो, म्हणजे ५४५ किलो, तुमच्या मूळ टायरपेक्षा १५ किलो कमी. एक्स्ट्रा लोडवाला ९१ घ्यावा लागेल. आणि कंपनीने ते माप कुठल्याच व्हेरियंटला दिलेलं नसेल, तर कलम ५२ चा धोका कमी होतो, संपत नाही.

पत्रावरची तारीख आणि ते हातात पडल्याची तारीख, दोन्ही मला कळवा. खुलासा ईमेलने पाठवा, शाखेत छापील प्रत देऊन पोहोच घ्या, आणि टायर पोत्यात बांधून घरात ठेवा, गच्चीवर नको. ऊन-पावसाने फाटलेल्या कडा बदलतात.